वर्तमानपत्राचं अक्षर मुद्दाम बिघडवून का काढतात?

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आदेश काढला, की खात्याची कागदपत्रं यापुढे पुन्हा टाइम्स न्यू रोमन या फॉन्टमध्ये टाइप करायची. २०२३ साली याच खात्याने टाइम्स सोडून कॅलिब्री घेतला होता. दृष्टीची अडचण असलेल्यांना तो वाचायला सोयीचा पडतो, असं कारण तेव्हा दिलं होतं. आता तो निर्णय फिरवला. बातमी जगभर छापून आली आणि अनेकांना एकच प्रश्न पडला, एका फॉन्टवरून एवढं काय?

हा फॉन्ट आपल्यालाही परका नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या परिपत्रकात ए-फोर कागद, टाइम्स न्यू रोमन आणि १४ चा आकार असं स्पष्ट सांगितलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. तिथल्या वकिलांच्या टेबलावर इंग्रजी कागद कोणत्या अक्षरात असतात, ते एकदा बघा. प्रबंध टाइप करून देणाऱ्या दुकानांतही दुसरं नाव सहसा निघत नाही.

पण हे अक्षर कोर्टासाठी किंवा प्रबंधासाठी काढलेलं नाही. ते १९३२ साली लंडनच्या ‘द टाइम्स’ या वर्तमानपत्रासाठी काढलं. पांढऱ्याशुभ्र कागदावर लेझर प्रिंटरमधून निघणं हे त्याचं मूळ काम नव्हतंच. वर्तमानपत्रासाठी अक्षर काढणं ही वेगळीच विद्या आहे, आणि रोज पेपर हातात घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिची ओळख असते. कागद, शाई आणि यंत्र मिळून अक्षराची जी नासधूस करणार आहेत, ती आधी ओळखून, अक्षर काढतानाच तिचा हिशोब धरायचा, हे त्या विद्येचं सार. म्हणून वर्तमानपत्राचं अक्षर जवळून, मोठं करून पाहिलं तर चांगलंच विचित्र दिसतं.

आधी दोन शब्द समजून घेऊ

टाइम्समधला इंग्रजी कॅपिटल ‘आय’ बघा. उभ्या दांड्याच्या वर आणि खाली छोटी आडवी पट्टी दिसेल. ती पट्टी म्हणजे सेरिफ. कॅलिब्री किंवा एरियलमध्ये ती नसते, दांडा सरळ कापल्यासारखा संपतो. अशा अक्षरांना सॅन्स सेरिफ म्हणतात, बोलताना नुसतं सॅन्स. सेरिफ अक्षरांत आणखी एक गोष्ट असते. त्यांच्या रेषा सारख्या जाडीच्या नसतात. उभी रेषा जाड, तर वळणं आणि जोड बारीक.

दुसरा शब्द एक्स-हाइट. इंग्रजी छोट्या लिपीतला ‘एक्स’ जेवढा उंच, तेवढी ती उंची. दोन फॉन्ट एकाच आकारात टाइप केले तरी एक मोठा आणि एक लहान दिसतो, तो या उंचीमुळे. वर्तमानपत्राच्या अक्षरांची एक्स-हाइट जवळजवळ नेहमीच जास्त ठेवलेली असते, म्हणजे कमी जागेत अक्षर मोठं भासतं.

शाई कागदावर पडली की काय होतं

घरात आर्ट पेपरवर छापलेली एखादी लग्नपत्रिका असेल. ती आणि आजचा पेपर शेजारी ठेवा आणि भिंगातून बघा. पत्रिकेतलं अक्षर कडेला स्वच्छ, धारदार दिसेल. पेपरातल्या अक्षराची कड मात्र खडबडीत, केसाळ असेल. काळ्या रेषेतून बारीक तंतू बाहेर आलेले दिसतील, मधेच एखादा पांढरा ठिपका असेल, आणि अक्षराच्या आतल्या पोकळ जागा अपेक्षेपेक्षा लहान झालेल्या असतील. आपण रोज हेच वाचतो. डोळा आणि मेंदू बाकीचं भागवून नेतात.

याचं पहिलं कारण कागद. वर्तमानपत्राचा कागद, म्हणजे न्यूजप्रिंट, चौरस मीटरला साधारण ४२ ते ४९ ग्रॅम भरतो. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० ग्रॅमचा असतो. न्यूजप्रिंट लाकूड दळून किंवा रद्दीचा लगदा करून बनवतात, आणि त्याच्या पृष्ठभागावर गुळगुळीत लेप नसतो. लाकडातला लिग्निन हा घटक दळलेल्या लगद्यात राहतो, म्हणून माळ्यावर ठेवलेले जुने पेपर पिवळे पडतात. असा सैल विणीचा कागद शाई शोषून घेतो, आणि शोषताना ती आजूबाजूलाही पसरते.

दुसरं कारण शाई. पेपरच्या छपाईत शाई सुकवायला भट्टी नसते. शाईतलं तेल कागदात मुरतं आणि काळं द्रव्य वर राहतं, इतकंच. सकाळी पेपर वाचून झाल्यावर बोटं काळी होतात ती यामुळेच. शाई किती पसरते याचं एक प्रमाणही ठरलेलं आहे. वर्तमानपत्र छपाईच्या आंतरराष्ट्रीय मानकात ५० टक्के करडी छटा छापल्यावर ७६ टक्के होते, म्हणजे २६ ने वाढते, असं गृहीत धरतात. म्हणजे संगणकावर अर्धी काळी असलेली जागा कागदावर पाऊण काळी होते. फोटोंचं जे होतं तेच बारीक अक्षरांचंही होतं.

तिसरं कारण वेग. कागदाच्या सलग रिळावर छापणाऱ्या वेब ऑफसेट यंत्रावर तासाला हजारो प्रती निघतात, आणि ऑफसेटमध्ये शाईबरोबर पाणीही लागतं. पाणी जास्त झालं तर छपाई पुसट येते, कमी झालं तर अक्षर भरतं. पाण्याने कागदाचे तंतू फुगतात, कागद रुंदीला वाढतो, आणि रंगांच्या चार प्लेटा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते, की कागद यंत्रावर चढायच्या आधीच ओलावा घेऊन बसलेला असतो.

एवढ्यातून जाताना अक्षरावर दोन उलट प्रकारची संकटं येतात. जिथे जागा अरुंद तिथे शाई साचून अक्षर भरतं, आणि जिथे रेषा फार बारीक तिथे ती उडते. एकाच अक्षरात दोन्ही होऊ शकतं. म्हणून ‘थोडं जाड काढा’ किंवा ‘थोडं बारीक काढा’ असा सरसकट तोडगा इथे चालत नाही.

उद्यमनगरात हे कोणीही सांगेल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावातल्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन पटेल. ओतीव कामासाठी आधी लाकडाचा पॅटर्न करतात. पण तो हव्या त्या मापाचा नसतोच. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, बिडाचं ओतकाम मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. पॅटर्नमेकरची पट्टीही ही आकसण धरूनच आखलेली असते. शिवाय मशिनिंगमध्ये जाणारं माप वेगळं, साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून कडेला दिलेला उतार वेगळा, कोपऱ्यात तडा जाऊ नये म्हणून दिलेली गोलाई वेगळी. नवख्या माणसाने पॅटर्न आणि तयार पार्ट शेजारी ठेवले तर त्याला पॅटर्न चुकलाय असं वाटेल. प्रत्यक्षात तो चुकीचा आहे म्हणूनच पार्ट बरोबर येतो.

वर्तमानपत्राचं अक्षर काढणारा हेच करतो. दोन रेषा जिथे टोकदार कोनात मिळतात तिथे शाई साचणार हे त्याला माहीत असतं. म्हणून त्या कोनात तो आत एक खाच कापून ठेवतो. शाई त्या खाचेत भरते आणि छापल्यावर कोन हवा तसा दिसतो. या खाचेला इंक ट्रॅप म्हणतात. याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे मॅथ्यू कार्टर यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी केलेलं बेल सेंटेनियल. ते सॅन्स आहे, पण कागद, वेग आणि बारीक आकार ही तिन्ही दुखणी वर्तमानपत्राचीच. त्याचं अक्षर भिंतीएवढं मोठं केलं तर उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. डिरेक्टरीच्या कागदावर सहा पॉइंटमध्ये (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) तेच अक्षर नीटस वाचता येतं.

खाचेशिवाय आणखीही उपाय असतात. ‘ई’, ‘ए’, ‘सी’ यांची तोंडं जरा जास्त उघडी ठेवतात. आतल्या पोकळ्या मोठ्या ठेवतात. बारीक रेषा उडू नये इतपत जाड करतात आणि जाड रेषा थोडी उतरवतात. सेरिफही सुईसारखी न ठेवता बुंध्याला भक्कम करतात.

लंडनचं अक्षर आणि अमेरिकेची अक्षरं

टाइम्स न्यू रोमनच्या मागे स्टॅन्ली मॉरिसन होते. ते मोनोटाइप कंपनीचे अक्षरसल्लागार. ‘द टाइम्स’ची छपाई वाईट आणि जुनाट आहे अशी टीका त्यांनी केली, आणि वर्तमानपत्राने ते काम त्यांच्याकडेच सोपवलं. प्रत्यक्ष रेखाटनं केली व्हिक्टर लार्डेंट यांनी, ते त्या वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात चित्रकार होते. आधार घेतला प्लँटिन या जुन्या धाटणीच्या अक्षराचा. ३ ऑक्टोबर १९३२ रोजी पहिल्यांदा अंक त्या अक्षरात निघाला. अक्षर अरुंद, पण एक्स-हाइट मोठी, त्यामुळे कमी जागेत जास्त मजकूर बसे आणि तरीही वाचता येई.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘द टाइम्स’ त्या काळी साध्या पेपरांपेक्षा चांगल्या, पांढऱ्या कागदावर निघे आणि त्याची छपाईही जपून होई. त्यामुळे टाइम्सच्या रेषा बऱ्यापैकी बारीक आणि सेरिफ धारदार ठेवता आल्या. साध्या, स्वस्त कागदावर भरधाव छापणाऱ्या पेपरांना ते अक्षर तितकं मानवलं नाही. चांगल्या कागदासाठी काढलेलं होतं, म्हणूनच ते पुढे पुस्तकांत, मासिकांत आणि शेवटी संगणकात सहज रुळलं. खुद्द ‘द टाइम्स’ने १९७२ साली ते बदललं.

खडबडीत कागदाशी खरी झुंज अमेरिकेत चालली होती. शिशाच्या अख्ख्या ओळी ओतणारी यंत्रं करणाऱ्या लायनोटाइप कंपनीत चौन्सी ग्रिफिथ यांनी वर्तमानपत्रांसाठी एकामागून एक अक्षरं करवून घेतली. १९२५ चं आयोनिक, १९३१ चं एक्सेल्सिअर, १९४१ चं कोरोना. या सगळ्यांना मिळून ‘लेजिबिलिटी ग्रुप’, म्हणजे सुवाच्य अक्षरांचा गट, म्हणतात. ही अक्षरं सुंदर म्हणावीत अशी नाहीत. रुंद, गोल, भक्कम सेरिफची, पोकळ्या मोकळ्या ठेवलेली. पण त्यांना कशातून जावं लागे ते बघा. शिशाच्या ओळींचं जुळवलेलं पान घ्यायचं, त्यावर लगद्याचा ओला पुठ्ठा दाबून साचा काढायचा, तो वाळवून गोल वाकवायचा, त्यात वितळलेला धातू ओतून अर्धगोल प्लेट करायची आणि ती रोटरीवर चढवायची. वाळताना पुठ्ठा आकसे, त्याबरोबर अख्खं पान आणि पानावरचं प्रत्येक अक्षर आकसे. म्हणून आधीच थोडं रुंद असलेलं अक्षर या खटाटोपातून बाहेर आल्यावरही वाचण्याजोगं राही.

मराठीत सेरिफ कुठे असतो?

काटेकोरपणे बोलायचं तर देवनागरीत सेरिफ नाही. आपल्या अक्षराला वर शिरोरेषा आहे, आणि जाड-बारीक रेषांचा खेळ तिरप्या कापलेल्या बोरूतून आला आहे. पुस्तकांत आणि पेपरांत वर्षानुवर्षं हेच जाड-बारीक वळण चालत आलं. सगळ्या रेषा सारख्या जाडीच्या असलेली अक्षरं आपल्याकडे सॅन्सच्या जागी वापरतात, मथळ्याला, पाट्यांना, मोबाईलवर. म्हणजे इंग्रजीतली सेरिफची जागा मराठीत बोरूच्या वळणाने घेतली आहे. पण कागद आणि शाई लिपी बघून वागत नाहीत. उलट देवनागरीला त्यांचा त्रास जास्तच होतो.

का, ते अक्षरं घेऊनच पाहू. ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात फरक काय? ‘ध’च्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते आणि डाव्या टोकाला बारीक वळण असतं. ती तुटलेली जागा शाईने भरली की ‘धन’चं ‘घन’ होतं. ‘भ’ आणि ‘म’चं तेच. ‘भरण’ छापायचं आणि ‘मरण’ वाचलं जायचं, इतका फरक त्या केसाएवढ्या फटीवर अवलंबून असतो. ‘व’च्या पोटात तिरकी रेघ मारली की ‘ब’, ‘प’च्या पोटात मारली की ‘ष’. पोट भरलं तर ‘वडा’ आणि ‘बडा’ ओळखायला वाक्य पूर्ण वाचावं लागतं. अनुस्वाराचा ठिपका उडाला तर ‘त्यांचा’चं ‘त्याचा’ होतं, आदराचा एकेरी होतो, आणि दुसऱ्या दिवशी संपादकांना फोन येतो. ‘दऱ्या’मधल्या ‘ऱ्या’ची बारीक कोयरी, ‘कृ’खालचा ‘ऋ’कार, ‘ट्र’खालचे पाय, हे सगळं बारीक, आणि दोन ओळींच्या मधल्या अरुंद पट्टीत अडकलेलं.

शिवाय देवनागरी ओळ तीन मजल्यांची असते. वर मात्रा, वेलांटी, रफार. मधे अक्षर. खाली उकार. तिन्ही मजले एकाच मापात बसवायचे म्हणून मधलं अक्षर लहान होतं. १० पॉइंटमधला मराठी मजकूर शेजारच्या १० पॉइंट इंग्रजीपेक्षा बारीक वाटतो तो यामुळे. आकार सारखा लिहिलेला असला तरी शाईशी झगडणारं प्रत्यक्ष अक्षर लहान असतं.

खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, काळात ही अडचण आणखी मोठी होती. इंग्रजी जुळवणाऱ्या कंपोझिटरला शे-दीडशे खिळ्यांत भागे. मराठीला जोडाक्षरं, मात्रा, उकार धरून शेकडो खिळे लागत, आणि अक्षराबाहेर डोकावणारी वेलांटी किंवा मात्रा दाब पडून तुटत असे. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात देवनागरी खिळ्यांना जे वळण दिलं, ते पुढे मराठी वाचकांच्या डोळ्यांत बसलं. मग १९३० च्या दशकात हरी गोविंद गोविल यांच्या प्रयत्नातून देवनागरी लायनोटाइपवर आली. त्या यंत्राला ९० कळा. नव्वदांत आपली लिपी कशी बसवायची? जोडाक्षरं मोडली, अर्ध्या अक्षरापुढे पूर्ण अक्षर ठेवायची पद्धत वाढली, पाय मोडके वाढले. सावरकरांनी ‘अि, अी, अु, अू’ अशी ‘अ’ची बाराखडी सुचवली, त्यामागेही खिळे आणि कळा कमी व्हाव्यात हा विचार होता. काही मासिकांनी ती अनेक वर्षं छापलीही. आज जी जोडाक्षरं आपल्याला ‘साधी’ वाटतात त्यांतली कित्येक यंत्राच्या सोयीने तशी झाली आहेत, हे शाळेत कोणी सांगत नाही. सांगायला हवं.

कोल्हापूरला तर हे जवळचं आहे. ‘पुढारी’ हे दैनिक इथून १९३९ पासून निघतं. शिवाय शहरातली साप्ताहिकं, ट्रेडल या पायाने चालवायच्या यंत्रावर हँडबिलं काढणारे लहान छापखाने, दिवाळी अंक. या सगळ्यांनी खिळे, फोटोटाइप, डीटीपी आणि आता थेट प्लेट, असा सगळा प्रवास केला. प्रत्येक टप्प्यावर अक्षर थोडं बदललं, आणि बहुतेक वेळा वाचकाला ते न कळता बदललं.

सेरिफमुळे वाचायला सोपं जातं, हे खरं का?

हे इतक्यांदा सांगितलं जातं की ते सिद्ध झालेलं आहे असंच वाटतं. सेरिफमुळे डोळा ओळीवरून सरकत जातो, वगैरे. संशोधनात मात्र सेरिफ आणि सॅन्स यांच्यात वाचनाच्या वेगाचा असा ठाम, सातत्याने दिसणारा फरक सापडलेला नाही. अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर, ओळीची लांबी, कागद आणि शाई यांच्यातला उठाव, आणि सवय, या गोष्टींचा परिणाम जास्त होतो. म्हणून अमेरिकेच्या त्या आदेशावरून इथे भांडण्यात अर्थ नाही. बारीक अक्षर दाटीवाटीने छापलं तर टाइम्सही वाचवत नाही आणि कॅलिब्रीही.

मग पेपर सेरिफला का धरून आहेत? सवय हे एक कारण, आणि ते हलकं नाही. वाचक आपल्या पेपरचा चेहरा अक्षरावरून ओळखतो. दुसरं कारण जागेचं. अरुंद कॉलमात सेरिफ अक्षर दाबून बसवलं तरी एकमेकांपासून वेगळं ओळखू येतं, कारण प्रत्येकाच्या टोकांना वेगळी खूण असते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ १९६७ पासून मजकुरासाठी इंपिरियल हे सेरिफ अक्षर वापरतो. लंडनच्या ‘गार्डियन’ने २००५ साली सगळा चेहरामोहरा बदलला, तरी नवं अक्षर घेतलं ते जाड सेरिफचंच.

अक्षर सरळ मोठं का करत नाहीत?

घरातल्या वडीलधाऱ्यांची ही जुनी तक्रार, आणि ती रास्त आहे. पण हिशोब करून बघा. ९ पॉइंटचं अक्षर १० पॉइंट केलं तर ते उंचीलाही वाढतं आणि रुंदीलाही. ओळींमधलं अंतर त्याच प्रमाणात वाढवलं तर मजकुराला जवळपास २३ टक्के जास्त जागा लागते. १२ पानांचा मजकूर १५ पानांवर जातो. कागद हा पेपरच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटेकरी, त्यामुळे तीन पानं वाढवायची की बातम्या कापायच्या, असा प्रश्न उभा राहतो.

यातून वाट काढण्याचं काम अक्षर काढणाऱ्याकडे येतं. जेरार्ड उंगर या डच कलावंताने १९९३ मध्ये केलेलं गलिव्हर हे अक्षर असंच आहे. एक्स-हाइट खूप मोठी, रुंदी आटोपशीर, पोकळ्या उघड्या. तेवढ्याच जागेत ते शेजारच्या अक्षरापेक्षा मोठं दिसतं. देवनागरीतही अशी वाट आहे. मधला मजला थोडा उंच करायचा, मात्रा आणि उकार आखूड पण जाड करायचे. पण फार आखूड केले की पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीतला फरक पुसट होतो. म्हणून मराठीसाठी हे काम इंग्रजीपेक्षा जास्त जिकिरीचं आहे, आणि ते मराठी वाचणाऱ्या माणसाकडूनच व्हायला हवं.

आता संगणक आहे, मग ही जुनी दुखणी कशाला?

संगणकाने प्लेटपर्यंतचा प्रवास शुद्ध केला. पुठ्ठ्याचा साचा गेला, फिल्म गेली, आता फाइलमधून थेट प्लेट निघते. पण प्लेटच्या पुढे तीच शाई, तेच पाणी, तोच कागद, आणि कागद तर खर्च वाचवायला आणखी पातळ होत चाललाय. म्हणून आजच्या चांगल्या वर्तमानपत्री फॉन्टमध्ये एक नवी सोय असते. एकच अक्षर जाडीच्या किंचित वेगळ्या तीन-चार प्रतींत दिलेलं असतं. यांना ग्रेड म्हणतात. बोल्ड केलं की अक्षर रुंद होतं आणि ओळी बदलतात, ग्रेड बदलली तर रुंदी तीच राहते, फक्त रेषा जराशी जाड किंवा बारीक होते. एकच अंक दोन गावच्या दोन यंत्रांवर छापला जात असेल, एक यंत्र जास्त शाई टाकणारं आणि दुसरं कमी, तर दोघांना वेगळी ग्रेड देऊन छापल्यावर अक्षर सारखं दिसतं. १९९७ साली आलेल्या पॉइंटर या अक्षरापासून ही पद्धत नावारूपाला आली. मराठी पेपरांच्या मजकुरासाठी अशा ग्रेड करवून घेणं ही माझ्या मते आज सर्वांत गरजेची गोष्ट आहे. एकाच वर्तमानपत्राच्या आवृत्त्या वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या यंत्रांवर निघतात, आणि एकाच बातमीचं अक्षर एका आवृत्तीत ठसठशीत, दुसरीत फिकं दिसतं.

मोबाईलवर ई-पेपर वाचणाऱ्याला यातलं काही लागत नाही. तिथे शाई पसरत नाही, आकार बोटांनी वाढतो. पण त्याचा उलटा परिणाम असा झालाय, की पडद्यासाठी केलेली अक्षरं बिनदिक्कत छापायला पाठवली जातात. मंगल हा र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला फॉन्ट. पडद्यावर मराठी दिसू लागली त्यात त्याचा वाटा फार मोठा. पण विंडोजच्या पडद्यावर वाचण्यासाठी केलेल्या अक्षराने न्यूजप्रिंटवर १० पॉइंटात टिकावं ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

तालमीची स्मरणिका, दिवाळी अंक, श्रद्धांजलीची जाहिरात

हे सगळं फक्त मोठ्या दैनिकांच्या कामाचं नाही. गल्लीतल्या मंडळाची स्मरणिका, तालमीचा विशेषांक, पेपरात द्यायची छोटी जाहिरात, हे कोल्हापुरात घराघरांतून होतं, आणि त्यात त्याच त्या चुका छापून येतात.

काळ्या पट्टीवर पांढरं अक्षर फार मागितलं जातं, श्रद्धांजलीच्या जाहिरातीत तर हमखास. इथे शाई चारी बाजूंनी पांढऱ्या अक्षरावर चालून येते. बारीक रेषा असलेलं वळणदार अक्षर अशा ठिकाणी नाहीसंच होतं, आणि नेमकं गेलेल्या माणसाचं नावच नीट वाचता येत नाही. असं छापायचंच असेल तर सारख्या जाडीच्या रेषेचं, मध्यम जाड अक्षर घ्या, १२ पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि अक्षरांत थोडं अंतर सोडा.

मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा ठेवा. घरच्या संगणकावर केलेल्या फाइलमध्ये काळा रंग पुष्कळदा चार रंग मिसळून आलेला असतो. पडद्यावर फरक दिसत नाही. छापताना चार प्लेटा केसभर सरकल्या की प्रत्येक अक्षराला निळी-लाल सावली येते. रंगीत अक्षरात लांब मजकूर देण्याचा मोहही याच कारणाने टाळावा.

फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, ‘ऱ्या’ नीट येतो का, हे आधी तपासा. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधले जुने फॉन्ट अजून चालतात, पण फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की अक्षरं बदलण्याचा धोका असतो. मोफत मिळणाऱ्या युनिकोड फॉन्टांत तिरो देवनागरी मराठी हे जाड-बारीक वळणाचं, पुस्तकी अक्षर आहे, मजकुराला ते शोभतं. मुक्ता हे एक टाइप या भारतीय गटाने केलेलं, सारख्या रेषेचं, मथळ्याला आणि तक्त्यांना चांगलं.

आणि नमुना घरच्या प्रिंटरवर काढून ‘मस्त दिसतंय’ म्हणू नका. ज्या छापखान्यात काम द्यायचं आहे तिथे जाऊन, त्याच यंत्रावर त्याच कागदावर छापलेलं एखादं जुनं काम मागून घ्या. त्यातले ‘ध’, ‘भ’, ‘ष’, अनुस्वार आणि ‘ऱ्या’ भिंगाखाली बघा. ते भरलेले असतील तर आपल्या फाइलमध्ये अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटने वाढवा किंवा एक पायरी कमी जाडीचं अक्षर घ्या. रेषा उडालेल्या असतील तर एक पायरी जाड घ्या. हे काम पीडीएफ पाठवण्याआधीच करायचं. प्लेट निघाल्यावर बदल करायचा म्हणजे नव्या प्लेटचा खर्च.